आत्यामागचा उंट

देश स्वतंत्र होऊन दीड वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. मी कर्जतच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. वय एकोणीस. मॅट्रिकला गणितानं मला पाडलं होतं, पण इंग्रजीत बरे गुण होते आणि त्या इंग्रजीचा मला जरा जास्तच अभिमान होता. आईवडील खोपोलीला राहायचे. मी आत्याकडे, पळसदरीच्या तळ्याजवळच्या एका लहानशा गावात. तिथून रोज चालत शाळेत यायचं आणि चालत परतायचं.

जानेवारीत एका दुपारी शाळेच्या दारात मोटार उभी राहिली. आतून सूटबूट घातलेले एक मराठी गृहस्थ उतरले, आणि त्यांच्यामागून गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक अबोल फोटोग्राफर. गृहस्थ मुंबईच्या एका जाहिरात कंपनीतले होते. परदेशी प्रवाशांनी आपला देश पाहायला यावं म्हणून एक रंगीत पुस्तिका निघायची होती, तिच्यासाठी ते फोटो गोळा करत फिरत होते.

"आता घर आपलं आहे," ते म्हणाले, "तेव्हा आमंत्रणही आपणच धाडायला हवं. अमेरिकेतल्या माणसानं चित्र पाहिलं की थेट जहाजाचं तिकीट काढलं पाहिजे! आम्हाला एक हिंदुस्थानी स्त्री हवी आहे. नव्या देशाचा चेहरा म्हणून. तुमच्या पाहण्यात आहे कुणी?"

हे ते माझ्याकडे पाहत विचारत होते. मी खाली बघत म्हटलं, "रविवारी या. आमच्या गावी."

रविवारपर्यंत मी काय काय केलं ते आता सांगायलाही लाज वाटते. शाळेतल्या दुसऱ्या बाईंची मलईच्या रंगाची वॉयलची साडी मागून आणली. फुग्याच्या बाह्यांचा ब्लाउज शिवून घेतला. आत्याच्या बोटभर आरशात बघून हसण्याचा सराव केला. दात दाखवून एक, न दाखवता एक. आतोबांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, मी सगळं सांगितलं होतं. त्यांनी लग्नातला काळा कोट बाहेर काढून वलणीवर उन्हात टाकला.

रविवारी अकराच्या सुमाराला मंडळी आली. मी अंगणात उभी होते. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "वा! छान! आणि ती बाई कुठे आहे?"

"कोण बाई?"

"फोटोसाठी हो. तुम्ही बघितली असेल ना कुणीतरी?"

मी बाहीचा फुगा उगाच सारखा करू लागले. त्यांच्या ते ध्यानात आलं असावं. हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही उत्तम दिसता, पण अशा नव्या वळणाच्या मुली त्या परदेशी लोकांना तिकडे बस थांब्यावरही दिसतात. त्यांना काहीतरी..." शब्द शोधत ते थांबले, आणि तेवढ्यात त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली.

शेतातून आत्या येत होती. कासोटा घातलेलं हिरवं लुगडं, डोक्यावर वालाच्या शेंगांचं गाठोडं, मान ताठ, पाय मातीनं भरलेले. चाळिशीची माझी आत्या, जी मला रोज सकाळी "ऊठ गं, सूर्य डोक्यावर आला" म्हणून हाका मारायची.

"हीच!" साहेब ओरडले.

आत्यानं गाठोडं उतरवलं आणि मला विचारलं, "कोन हायत गं हे? आन तू अशी देवळातल्या भावलीसारी का उबी?"

मी तिला सगळं सांगितलं. आवाज शक्य तितका साधा ठेवून. ती नको नको म्हणाली, पण आतोबाच म्हणाले, "काढू दे गं, सरकारचं काम हाय." काम सरकारचं होतं की कंपनीचं, हे आम्हाला कुणालाच नीट माहीत नव्हतं.

साहेबांनी मोटारीतून एक लखलखीत पितळी कळशी काढली आणि आत्याला ती डोक्यावर घेऊन पाणवठ्यावर उभं राहायला सांगितलं.

"एवड्या उनात पान्याला कोन जातं?" आत्या म्हणाली. "लोक म्हनतील, हिच्या घरात सकाळी उठत न्हाईत."

"लोक कुठले? हा फोटो अमेरिकेत जाणार आहे."

"मंग तितले म्हनतील."

शेवटी ती तयार झाली. पण आतोबा कोट घालून दर फोटोत तिच्या शेजारी येऊन उभे राहू लागले. त्यांना दुखवायचं नव्हतं, म्हणून साहेबांनी युक्ती केली. एक पांढरी चादर त्यांच्या हातात दिली आणि उन्हाचा उजेड आत्याच्या तोंडावर पडेल अशी ती धरायला सांगितलं. आतोबा खूश. चादर घट्ट धरून छाती काढून उभे राहिले.

आता अडलं होतं हसण्यापाशी.

"जरा हसा की, बाई," साहेब विनवू लागले. "असं समजा, लांबून पाहुणे येताहेत."

"पावनं आलं तर पदर सारका करंन, पानी पुडं करंन. हसत काय सुटंन? त्येंला वाटंल, येडी हाय."

मी बाजूला बांधावर बसून हे बघत होते. मला वाईट वाटत होतं हे खरं, आणि आत्या त्यांना पुरून उरतेय म्हणून आतून गुदगुल्या होत होत्या हेही खरं.

"थोडं मागे सरका," फोटोग्राफर आतोबांना म्हणाला. दिवसभरातलं त्याचं तेवढंच वाक्य. आतोबा मागे सरकले. आणखी मागे सरकले. मागे म्हशींचं डबकं होतं. चादर हवेत उडाली, कोट चिखलात बसला आणि आतली म्हैस एवढी दचकून उठली की आतोबांच्या अंगावर उरलासुरला चिखलही आला. आत्या खो खो हसली. कळशीला एक हात, तोंडाशी पदर न्यायचंही भान नाही.

कॅमेरा वाजला.

पुस्तिका पोस्टानं शाळेत आली तेव्हा भाद्रपद सुरू होता. मी वर्गातच पाकीट फोडलं. आत्या सबंध पानभर होती. हसू तसंच, अगदी तिचंच. पण लुगडं गुलाबी झालं होतं. पायाखाली पिवळी वाळू पसरली होती. मागे आमच्या डोंगराऐवजी खजुरीची दोन झाडं आणि त्यांच्यामध्ये एक उंट. खाली इंग्रजीत लिहिलं होतं : 'वाळवंटाची लेक, राजपुताना.'

खरं सांगते, मला आधी बरं वाटलं. मला नाकारून यांनी जिला घेतलं, तिचीही काही गय केली नव्हती. दुसऱ्याच क्षणी माझी मलाच शरम वाटली.

संध्याकाळी पुस्तिका घेऊन घरी गेले. आत्यानं दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिली.

"हे माज्यामागं काय हाय गं?"

"उंट."

"आपल्याकडं उंट कुनी आनला?"

"कुणी नाही. त्यांनी चितारलाय."

"आन आपलं तळं?"

"काढून टाकलं."

"माजी चादर कुटं हाय?" आतोबांनी विचारलं. त्यांना मी सांगितलं की आत्याच्या गालावर जो उजेड आहे तो तुमचा. ते समाधानानं तंबाखू मळू लागले. आत्याचं मात्र समाधान झालं नाही.

"माजा फोटू लावा न्हाईतर फाडा," ती म्हणाली, "पन मी वाळूत ऱ्हाते असं कुनाला सांगायचं न्हाय. तू त्या सायबाला कागद लिव."

मी लिहिला. साहेब मराठीच, पण कंपनीला इंग्रजीतच लिहावं म्हणून डिक्शनरी घेऊन तीन दिवस. 'आमच्या दारातून तळं दिसतं, चार महिने एवढा पाऊस पडतो की चुलीतली लाकडंही ओली होतात, उंट आम्ही चित्रातच पाहिला आहे,' अशा अर्थाचं. शेवटी 'आपली विश्वासू' लिहून खाली सही केली.

उत्तर आठवड्याभरात आलं. साहेबांनी मनापासून माफी मागितली होती. राजपुतान्याचा फोटो ऐन वेळी खराब निघाला आणि छपाई थांबवता येईना, म्हणून हा घोटाळा झाला. पुस्तिका बोटीनं रवाना झाल्या होत्या. पण मुंबईतल्या हॉटेलांसाठी एक छोटं पत्रक निघायचं होतं. आपल्या गावाबद्दल तुम्हीच चार ओळी लिहून द्या, जशाच्या तशा छापतो, असं त्यांनी कळवलं.

मग आमच्या ओटीवर दोन दिवस जाहिरात तयार होत होती. आत्या सांगायची, मी लिहायची.

"पावसात येऊ नका म्हनावं, पाय रुततात. वैशाखात बी नको, आमीच सावली शोदतो. दिवाळी झाल्यावर या."

"अगं, येऊ नका असं किती वेळा लिहू? जाहिरात आहे ही."

"मंग खोटं लिवतीस? आन कोंबडी खात असतील तर आदी कळवा म्हनावं. आयत्या वेळी कोंबडी हाती लागत न्हाय."

मी हे सगळं इंग्रजीत उतरवलं. साहेब शब्दाला जागले. डोंगर, तळं, कर्जत स्टेशनपासूनची वाट, 'शाळेतल्या बाईंकडे चौकशी करावी' आणि कोंबडीची सूचना, सगळं छापून आलं.

आणि डिसेंबरात एक परदेशी बाई खरोखर आल्या. स्टेशनवरच्या हमालानं त्यांना शाळेत आणून सोडलं. साठीच्या असतील. उंच, उन्हानं लाल झालेल्या, हातात ते पत्रक. मी मनात पाठ केलेलं स्वागताचं वाक्य विसरले आणि 'गुड मॉर्निंग' म्हटलं. तेव्हा दुपारचे दोन वाजत होते. त्यांनीही हसून गुड मॉर्निंग म्हटलं. शाळा लवकर सोडून टांग्यानं मी त्यांना घरी नेलं.

आत्यानं त्यांना पाहिलं, पदर सारखा केला, पाण्याचा तांब्या पुढे केला. हसली नाही. मग मला म्हणाली, "कोंबडीचं कळवलं न्हाय हिनं."

वालाच्या शेंगा होत्या. आतोबांनी अंगणात मडकं लावलं. आत शेंगा, बटाटे, वर भांबुर्ड्याचा पाला, आणि बाहेरून गवताचा जाळ. आमच्याकडे याला पोपटी म्हणतात. पोपटी भाजेस्तोवर पाहुण्यांना तळं दाखवावं, डोंगर दाखवावा, असा माझा बेत होता. इंग्रजीतली सगळी विशेषणं मी तयार ठेवली होती. पण ओटीवर घोंगडी अंथरली होती, ऊन कोवळं झालं होतं, आणि मी तळ्याची लांबी-रुंदी सांगत असतानाच बाई आडव्या झाल्या आणि झोपी गेल्या.

गाव बघायला जमलं होतं. आत्या दारात उभी राहून सगळ्यांना गप्प करत होती. "वरडू नका रं! तीन दिस हाटेलात झोप न्हाय लागली तिला, मगाशी खुनेनं सांगत व्हती."

सूर्य डोंगराआड जाताना त्या उठल्या, मडकंभर शेंगा खाल्ल्या, बोटं चाटली. आत्याशी त्या इंग्रजीत बोलत होत्या आणि आत्या त्यांच्याशी आमच्या बोलीत, आणि मधे माझी कुणालाच गरज पडली नाही. विषय सांधेदुखीचा असावा, कारण दोघी आळीपाळीनं गुडघे दाबून दाखवत होत्या. शेवटच्या गाडीनं त्या परत गेल्या. तळं शेवटपर्यंत बघायचं राहिलंच.

मी साहेबांना कळवलं की एक पाहुण्या येऊन गेल्या. त्यांचं लगेच कार्ड आलं : 'त्यांना सर्वांत जास्त काय आवडलं? पुढच्या पत्रकासाठी हवं आहे.'

मी आत्याला विचारलं. ती शेंगा सोलत होती.

"झोप," ती म्हणाली. "तेच लिव."

मी तसंच लिहिलं. त्यावर साहेबांचं उत्तर आलं की झोपेचा फोटो कसा काढावा याचा फोटोग्राफर विचार करतो आहे.