बॅटरीचं पाणी

व्यंकटीच्या पोरीनं बी.एस्सी.ला केमिस्ट्री कशापायी घेतली, असं कुणी विचारलं की उत्तर सिंधूऐवजी व्यंकटीच द्यायचा. "पानी तपासायला," तो म्हणायचा, आणि समोरचा काही बोलतो का याची वाट बघत उभा राहायचा. समोरचा बहुतेक हसायचा. पाणीच नाही तर तपासता काय, असा त्या हसण्याचा अर्थ असे, आणि लातुरात त्या साली तो अर्थ अगदीच खोटा नव्हता.

व्यंकटी मूळचा चाकूरकडचा. बहात्तरच्या दुष्काळात तो गाव सोडून लातुरात आला, तेव्हा एका हातात गाठोडं होतं आणि खांद्यावर सिंधू. तिच्या मुठीत सरकारी सुकडीचा लाडू होता आणि तो तिनं बापाच्या केसांत चोळून ठेवला होता, हे तिची माय धुरपताबाई अजून सांगते. आधी व्यंकटीनं खडी फोडली. मग नांदेड रोडवरच्या गफूरभाईंच्या बॅटरीच्या दुकानात जो चिकटला तो चिकटलाच. ट्रकच्या बॅटऱ्या उतरवायच्या, उघडायच्या, आत ॲसिड आणि पाणी भरायचं. ॲसिडचे थेंब उडून त्याच्या पँटी चाळणीसारख्या झालेल्या. "व्यंकटी, हवेशीर शिवून घेतलीस रे," म्हणून लोक चेष्टा करायचे. बौद्धवाड्यातल्या कुठल्याही कार्यक्रमाला तो त्याच पँटीत जायचा, पुढं बसायचा, आणि 'जयभीम' सगळ्यांच्या वर एक पट्टी चढवून म्हणायचा.

पुढं लातूर जिल्हा झाला. पेढे वाटले, कमानी उभारल्या. कलेक्टर आला, एसपी आला, पाट्या रंगवणाऱ्यांचे दिवस पालटले. ज्याला त्याला वाटायला लागलं की आता आपल्या घरातलं एक तरी माणूस खुर्चीवर बसणार. सगळं आलं, पाऊस तेवढा आला नाही. नव्या जिल्ह्याला नवा दुष्काळ मिळाला, आणि तो कुणी न मागता मिळाला.

सिंधू तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. वर्गात पोरी दोनच. एक ही आणि दुसरी निलंग्याकडची जगदेवी, जिला राग आला की ती कानडीत बोलायची. त्यांना शिकवणाऱ्या बिरादार सरांनी एके दिवशी वर्गात सांगितलं, की जिल्ह्याला पाणी तपासायची प्रयोगशाळा येते आहे, केमिस्ट्रीचे पदवीधर घेणार आहेत, आणि पावसाळ्याआधी अर्ज मागवणार आहेत. यंदा पास होईल त्याचं काम होईल. सरांनी हे सगळ्या वर्गाला सांगितलं होतं, पण सिंधूला ते आपल्यालाच सांगितल्यासारखं वाटलं. घरी येऊन तिनं बापाला सांगितलं, आणि त्या दिवसापासून व्यंकटीची पोर नोकरीला लागल्यातच जमा होती. निकाल तेवढा लागायचा राहिला होता.

आता केमिस्ट्री शिकायला बुद्धी लागते असं लोकांना वाटतं. बुद्धी लागते, पण तिच्याआधी पाणी लागतं, आणि तेही साधं चालत नाही. वाफ करून थंड केलेलं, ज्यात कसलाच अंश नाही असं. डिस्टिल्ड म्हणतात त्याला. ते करायच्या यंत्राला थंड ठेवण्यासाठी नळ सारखा चालू लागतो. ज्या गावात लोक भांड्यांची रांग लावून टँकरची वाट बघत होते, तिथं तो नळ कोण चालू ठेवणार? कॉलेजनं यंत्र बंद केलं. प्रयोगशाळेतला पंढरी बाटल्यांवर 'डिस्टिल्ड' लिहिलेलं तसंच ठेवून त्यात टाकीचं पाणी भरायला लागला. तो लपवायचाही नाही. "चिठ्ठी जुनी हाय, पानी नवं हाय," म्हणायचा.

बिरादार सरांची एक शिकवण होती. कुठलाही क्षार तपासायच्या आधी नुसतं पाणी तपासायचं. पाण्यातच खोट असेल तर पुढचं सगळं खोटं. सिंधूनं टाकीचं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि वरून सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले. पाणी दुधासारखं झालं. म्हणजे त्यात मीठ होतं. असल्या पाण्यात कुठलाही क्षार विरघळवा, उत्तर मिठाचंच येणार.

घरी ती चिडून बोलली. "बाबा, कॉलेजच्या पान्यावर काई इस्वास ठिवता येत न्हाई. मी कितीबी नीट केलं तरी चुकनारच."

व्यंकटी ऐकत होता. केमिस्ट्रीतलं त्याला कधी काही कळलं नव्हतं. हे मात्र कळलं, आणि पहिल्यांदाच पोरीच्या अभ्यासात आपल्याला काही करता येईल असं त्याच्या लक्षात आलं. त्याच्या दुकानात हेच पाणी तर असायचं! बॅटरीत भरायचं पाणी म्हणजे डिस्टिल्डच. हैदराबादहून सीलबंद यायचं. त्यानं गफूरभाईंना विचारलं. गफूरभाई म्हणाले, "ले जा रे व्यंकटी. बच्ची का इम्तिहान है, पूछता क्या है!"

परीक्षेच्या दिवशी सकाळी प्लास्टिकचा पांढरा कॅन हातात घेऊन तो तिच्याबरोबर कॉलेजच्या फाटकापर्यंत आला. कॅन त्यानं असा धरला होता, की आतलं पाणी हलूसुद्धा नये.

"कुनाला देऊ नको," तो म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "जगदेवीला दे थोडं."

जगदेवीनं घेतलं नाही. आजवर याच पाण्यावर हात बसलाय, आता नवं नको, म्हणाली. नांदेडच्या एका कॉलेजातले परीक्षक आले होते. त्यांनी सुरुवातीलाच सगळ्यांना सांगितलं, "पाणी टाकीचं आहे, त्यात मीठ आहे, हे मला माहीत आहे. त्यापायी कुणाचं चुकलं तर मी सांभाळून घेईन." वर्गानं सुस्कारा सोडला. सिंधूला त्याची गरजच वाटली नाही. तिच्या टेबलाखाली बापानं आणलेलं पाणी होतं.

तिच्या वाट्याला एक पांढरा क्षार आला. तो तिनं नळीत घेतला, कॅनमधलं पाणी ओतलं आणि हलवलं. पाणी निवळायच्या ऐवजी पांढरं झालं आणि पांढरंच राहिलं. म्हणजे हा पाण्यात विरघळत नाही. तिनं ॲसिडमध्ये घातला, तापवला, तरी तसाच. प्लॅटिनमच्या तारेवर घेऊन ज्योतीत धरला, तर ज्योत पोपटी झाली. म्हणजे बेरियम. बेरियम असून कशातच विरघळत नाही, असा क्षार एकच, बेरियम सल्फेट. उत्तर सापडलं याचा तिला केवढा आनंद झाला! तिनं सुवाच्य अक्षरात ते लिहिलं आणि दुसऱ्या प्रयोगाला लागली. त्यातही पाणी कॅनमधलंच. त्याची आकडेवारी काही केल्या जुळेना, पण तोवर वेळ संपत आली होती.

परीक्षकांनी वही पाहिली. "सल्फेट? अगं, जे कशातच विरघळत नाही ते परीक्षेला कोण देईल? तुला बेरियम क्लोराईड दिलं होतं. पाण्यात साखरेसारखं विरघळतं."

सिंधू फळीवरच्या बाटल्यांकडं गेली. बेरियम क्लोराईडची बाटली काढली आणि नळीत नुसतं कॅनचं पाणी घेऊन त्यात थेंब टाकला. नळीत पांढरा ढग उतरला. बाटलीवरचं नाव तिनं पुन्हा वाचलं आणि पुन्हा टाकून पाहिलं. मग तिनं कॅनचं झाकण नाकाशी नेलं, आणि तिला आपल्या बापाच्या पँटीचा वास आला.

कॅन ॲसिडचा होता. बॅटरीचं ॲसिड म्हणजे सल्फ्युरिक, त्याचा उरलासुरला अंश बेरियमला भेटला की त्याचं सल्फेटच होतं. पाणी चांगलंच होतं हो, हैदराबादचं, सीलबंद. पण बाटल्या फोडून ओतलं होतं ते ॲसिडच्या रिकाम्या कॅनमध्ये. बॅटरीला त्याचं काही वाटत नाही, बॅटरी ॲसिडच पिते. एरवी व्यंकटीनं तो कॅन दहा वेळा विसळला असता. तुम्हीच सांगा, त्या उन्हाळ्यात लातुरात दहा वेळा विसळायला पाणी कुणाच्या घरी होतं?

टाकीचं पाणी तिनं तपासलं होतं. बापाचं तपासलं नव्हतं. बापाच्या पाण्याची परीक्षा घ्यावी असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

तिनं परीक्षकांना सांगून पाहिलं. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर आणखी वाईट वाटतं. ते म्हणाले, "कॉलेजच्या पाण्याची चूक मी कॉलेजच्या नावावर टाकली असती. तुझ्या पाण्याची कुणाच्या नावावर टाकू?" आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "तू वेगळं पाणी आणलंसच का?"

तिच्या आज्याला गावच्या आडावर पाय ठेवू दिला नव्हता. वेगळं पाणी त्याला गावानं नेमूनच दिलं होतं. त्याच्या नातीला आता विचारत होते, वेगळं का आणलंस. विचारणाऱ्याच्या मनात तसं काही नव्हतं, हे तिला कळत होतं. पण तिचे कान तापले.

घरी जाऊन बापाला सांगायचं, असं ठरवूनच ती निघाली होती. व्यंकटी दारात वाट बघत बसलेला. ती काही बोलायच्या आत धुरपताबाईच म्हणाली, "तुज्या बापानं आज आंगूळ केली न्हाई बग. आंगूळीचं तांब्याभर पानी व्हतं, त्यानं कॅन खंगाळला. म्हन्ला, पोरीच्या पान्यात कचरा नगं."

"पुरलं का?" व्यंकटीनं विचारलं.

"पुरलं," सिंधू म्हणाली.

झालं. त्या एका शब्दानं तिच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. निकाल लागला तेव्हा सगळ्या विषयांत पास आणि प्रॅक्टिकलात नापास. बापानं कारण विचारलं, ती म्हणाली, हात थरथरला. अर्ज मागवले तेव्हा तिच्याकडं दाखवायला पासाची गुणपत्रिका नव्हती. जगदेवीकडं होती. जगदेवी टाकीच्या पाण्यानं पास झाली आणि नव्या जिल्ह्याचं पाणी तपासायला लागली. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन ती आली तेव्हा व्यंकटीनं दोन खाल्ले, तिला तोंडभर आशीर्वाद दिला, आणि ती गेल्यावर बराच वेळ भिंतीला टेकून बसला. सिंधूला त्या वेळी आपण मेलो असतो तर बरं, असं वाटलं. कुणावर रागावावं, तेही तिला सापडत नव्हतं.

ऑक्टोबरात परीक्षा पुन्हा होती. पावसाळा कोरडाच गेला होता. तिनं आधीच सांगून ठेवलं, "बाबा, या बारीला पानी नका आनू. कॉलेजात हाय."

व्यंकटी हसला. "कॉलेजच्या पान्यावर इस्वास न्हाई, तूच म्हन्ली व्हतीस की!"

आणि परीक्षेच्या सकाळी तो दोन्ही हातांत एकेक कॅन घेऊन उभा. अंगात धुतलेला सदरा, खाली तीच चाळण.

"या बारीला दोन आनले," तो म्हणाला. "मागल्या बारीला एकच व्हता. कमी पडलं असंल, तू बोलली न्हाईस."

सिंधूनं दोन्ही कॅन घेतले. प्रयोगशाळेत गेल्यावर, जे उन्हाळ्यात करायचं राहिलं होतं ते आधी केलं. एका कॅनचं पाणी तपासलं. पांढरं. दुसऱ्याचं तपासलं. पांढरं. तिनं ते टेबलाखाली सारले आणि पंढरीकडून टाकीचं पाणी मागून घेतलं. प्रयोग चांगले झाले. या वेळी ती पास होणार होती, हे तिला तिथंच कळलं. जागा भरून गेली होती, हेही ठाऊकच होतं.

वेळ संपली. पोरं बाहेर पडली. खिडकीतून खाली पाहिलं तर फाटकाजवळच्या लिंबाखाली व्यंकटी उकिडवा बसलेला. कॅन परत न्यायला थांबला होता. गफूरभाईंचे होते ते.

भरलेले कॅन घेऊन ती खाली कशी जाणार?

तिनं पहिला कॅन उचलला, झाकण काढलं आणि बेसिनमध्ये उपडा केला. पाणी भदाभदा वाहायला लागलं. त्या आवाजानं पंढरी धावत आला. आठ दिवसांत त्या गावात कुणी तसा आवाज ऐकला नव्हता. "अगं ए बाई! याड लागलं का तुला? पानी सांडतीस? लोक घोटाला म्हाग झालेत अन् तू मोरीत वततीस?" दारात तीनचार पोरं थांबली. कुणीतरी "काय माजलेत," असं म्हणालं. सिंधूनं मान वर केली नाही. ती रडत होती, पण दुसरा कॅनही तिनं शेवटच्या थेंबापर्यंत ओतला. मग पदरानं तोंड पुसलं आणि दोन्ही कॅन घेऊन खाली गेली.

व्यंकटी उठून उभा राहिला. कॅन हातात घेताच त्याला वजन कळलं. त्यानं एक कानाशी नेऊन हलवला, मग दुसरा हलवला.

"समदं लागलं?"

"समदं लागलं, बाबा."

"बग," व्यंकटी म्हणाला, "मी म्हन्लं न्हवतं, मागल्या बारीला कमी पडलं."