मॉनिटरवरची टिकली

सकाळी ऑपरेशन थिएटरमधला मॉनिटर पुसत होते, तेवढ्यात सिस्टर आल्या. म्हणाल्या, "नंदा, मॅडम गेल्या गं. पहाटे, झोपेतच." मला आधी हसूच आलं... जन्मभर लोकांना झोपवणारी बाई स्वतः अशी कुणाला न सांगता झोपली! मग फडकं हातात तसंच धरून स्टुलावर बसून राहिले. त्याला आता दीड महिना झाला.

मॅडम म्हणजे सदाशिव पेठेतल्या आमच्या लहानशा हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर. मी गोंदियाकडची, सातवीत गणितात नापास होऊन शाळा सोडलेली, लग्न करून हडपसरला आलेली. सफाईला लागले, तिथून मॅडमनी थिएटरमध्ये घेतलं आणि पेशंटचं कपाळ पुसायला शिकवलं. कपाळावर एक पट्टी लावतात. ती मेंदूची हालचाल टिपते आणि मॉनिटरवर आकडा येतो. टक्क जागा माणूस शंभराच्या जवळ, ऑपरेशनला चाळीस ते साठ. वर चढला तर झोप हलकी, खाली गेला तर फारच गाढ.

पण कपाळ पुसायचं तर टिकली काढायला हवी, आणि बायका ती काढू देत नसत. मग मॅडम ती अलगद काढून मॉनिटरच्या कडेला चिकटवत. "अहो, यजमान बाहेर मिसळ खातायत, त्यांना काही होत नाही. टिकली माझ्या नजरेसमोर आहे." ऑपरेशन झालं, की पेशंट पुरती शुद्धीवर यायच्या आत टिकली परत कपाळावर.

पहिल्याच आठवड्यात मी घाईत एका आजींच्या कपाळावरचं तेल नीट पुसलं नाही. ऑपरेशन रंगात आलेलं आणि आकडा गायब, नुसत्या रेघा! मी किंचाळले, "आजी गेल्या!" मॅडम जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. "आजी कुठे जातायत? त्यांची नाडी माझ्यापेक्षा बरी आहे. पट्टी सुटलीय. खोबरेल कुणी पुसायचं होतं?"

पुढे माझंच पिशवीचं ऑपरेशन निघालं. सगळं रोज बघितलेलं, म्हणून भीती दुप्पट. "मॅडम, मधातच जाग आली तं? बोलता नाही आलं तं?"

"तू नाही बोललीस तरी आकडा बोलेल. मी समोर बसणार. चहालासुद्धा उठणार नाही."

डोळे उघडले तेव्हा आधी कपाळ चाचपलं. टिकली होती, जरा तिरकी. मॅडम म्हणाल्या, "पन्नासच्या आसपास होतीस. शाळेत एवढे पडले असते तर पास झाली असतीस." टाके दुखेपर्यंत हसले मी.

गेल्या दिवाळीआधी मॅडमचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन आमच्याच थिएटरात झालं. भूल द्यायला दुसरे डॉक्टर होते, पण कपाळ मी पुसलं, टिकली मी मॉनिटरला चिकटवली. "नंदा, बघशील ना आकडा?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झालेला.

"चहालासुद्धा उठणार नाही, मॅडम."

नाही उठले. सगळं नीट पार पडलं आणि त्या आनंदात टिकली परत लावायचीच विसरले... दुसऱ्या दिवशी आठवण झाली, तशी आणायला धावले, तर म्हणाल्या, "राहू दे. माझ्याकडे पाकीटभर आहेत. मॉनिटरला एकच आहे."

आता नवे डॉक्टर आलेत. पहिल्याच दिवशी विचारलं, "मावशी, हे काय चिकटलंय?" सांगितलं. त्यांनी समोरच्या पेशंटची टिकली काढून मॅडमच्या टिकलीशेजारी लावली. ती दुपारी आपल्या कपाळावर परत गेली. मॅडमची तिथेच आहे. रोज सकाळी फडकं तिला वळसा घालून फिरवते... आणि पेशंटचं कपाळ मात्र दोनदा पुसते.