समोरच्या कॉफीला मिळालेला "वा"

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या इतिहासात नोंदवावी अशी एक गंभीर घटना मी जड अंतःकरणाने जाहीर करतो: माझ्या बायकोने शेजाऱ्यांच्या कॉफीला "वा!" म्हटले. माझ्या कॉफीला पंचवीस वर्षे "बरी आहे" याच्या वर बढती मिळालेली नाही.

समोरच्या दारातले हे गृहस्थ निवृत्त शिक्षक. गॅसवर ठेवायचे ते कॉफीचे अष्टकोनी भांडे ते कामवाल्या मावशींनाही घासू देत नाहीत. स्वतः नुसत्या पाण्याने विसळतात. आच बारीक करून कान देऊन उभे राहतात आणि भांडे गुरगुरू लागले, की "बास, बास" म्हणत तान्हे मूल उचलावे तसे उतरवतात. त्यांचे बोलणे तेवढेच. बढाई शून्य. मनसोक्त जळावे म्हटले, तर माणूस तेवढीही सोय ठेवत नाही.

मग मीही तसलेच भांडे आणले. चिंच लावून आतून-बाहेरून लख्ख घासले आणि रविवारी शेजाऱ्यांना बोलावले. "वा" आज मला हवा होता.

बायकोने एक घोट घेऊन कप खाली ठेवला. मी चाखली, तर चिंचेत पत्रा उकळल्यासारखी चव! शेजाऱ्यांनी मात्र शांतपणे कप संपवला आणि विचारले, "अजून अर्धा कप मिळेल?"

मला माझ्याच जिभेचा संशय आला. मी उत्साहाने उठलो, तेवढ्यात बायको त्यांना म्हणाली, "अहो, इतकं चांगलं वागू नका, ह्यांना खरं वाटतं!"