सर ॲलन, निर्वंश

ज्याची नोंद झाली, तो माणूस मरत नाही. हे वाक्य अप्पाकाकांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवलं, तेव्हा ते ॲन आर्बरमधल्या चांगल्या तापवलेल्या घरात कानटोपी घालून बसले होते आणि माझ्या पणजोबांचं नाव विचारत होते. मला ते आठवेना.

"आजोबांचं?"

ते आठवलं. काकांनी चहा ढवळला आणि म्हणाले, "म्हणजे दोनच पिढ्या. नागपूरकर, तुम्ही जवळजवळ अनाथच."

त्यांचा मुलगा सुनील माझा जुना रूममेट. केटीशी लग्न होईपर्यंत दोन वर्षं आम्ही एका अपार्टमेंटमध्ये राहिलो होतो. २००४ साली त्याला मुलगी झाली आणि अप्पाकाका साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले. भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेला हा माणूस. अकरा वर्षं खपून त्यांनी आपल्या घराण्याचा सहाशे पानांचा कुलवृत्तांत छापला होता. आता त्याच्या पुरवणीचं काम चालू होतं, त्यामुळे सुटकेसमध्ये लोणच्यापेक्षा कागद जास्त निघाले. कुलवृत्तांताचा नियम असा की मुलीचं नाव बापाच्या नोंदीत एका ओळीत यायचं आणि तिथेच थांबायचं. "ती दिल्या घरी गेली. पुढचं तिथल्यांनी लिहावं." ज्याला मुलगा नाही त्याच्या नावापुढे 'नि.', म्हणजे निर्वंश. मी कुरकुर केली की ते म्हणत, "नोंदीला नातं नसतं."

केटीची आई मार्गारेट शाळेतली निवृत्त ग्रंथपाल. एका रविवारी तिनं जेवणाच्या टेबलावर एक लांबलचक गुंडाळी उलगडली. सगळ्यांत वर नाव होतं सर ॲलन ऑफ ड्रमारन, चौदाव्या शतकातला स्कॉटिश सरदार. खाली रेघांचं जाळं आणि तळाला पेन्सिलीनं नुकतंच लिहिलेलं सुनीलच्या मुलीचं नाव. मला अशा गुंडाळ्यांबद्दल आदर नाही. अमेरिकेत भेटलेल्या कुठल्याही माणसाचा पूर्वज मला सरदाराखालचा आढळलेला नाही. स्कॉटलंडात शेणी कोण थापत होतं, कोण जाणे. काकांनी मात्र चष्मा पुसला.

"विहीणबाई, पुरावा?"

पुढचे दोन महिने मी ड्रायव्हर आणि दुभाषी झालो. दर शनिवारी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत मार्गारेट जुनी पुस्तकं काढायची, मी मराठी करून सांगायचो आणि काका वहीत उतरवायचे. सर ॲलननं चार वेळा राजा बदलला. मी नाक मुरडलं, तर काका म्हणाले, "वतन टिकवायचं म्हणजे हे आलंच. आमच्या देशमुखांनी काय वेगळं केलं?" मग त्यानं तहाच्या बोलणीसाठी सख्ख्या मेव्हण्याला जेवायला बोलावलं आणि गोड पदार्थ यायच्या आत भोसकलं. मी वाचता वाचता थांबलो. काकांनी पेन्सिल वर न करता विचारलं, "मेव्हण्याची जमीन कुणाकडे गेली?" ती ॲलनकडेच गेली होती. त्यातल्या एका तुकड्यावर त्यानं पापक्षालनासाठी मठ बांधला.

त्याला एकच अपत्य होतं, इसोबेल नावाची मुलगी. तिनं शत्रूच्या पागेतल्या एका नालबंदाशी बापाला न विचारता लग्न केलं. ॲलननं जहागीर पुतण्याला दिली आणि घरातल्या प्रार्थनेच्या पोथीतून मुलीचं नाव खरवडून काढलं.

"खरवडलं? चाकूनं?" काकांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"चाकूनं."

"मग नाव होतं, हे कळलं कसं?"

मी विचारलं. मार्गारेट म्हणाली, "चामड्याच्या पानावर खरवडल्याची खूण राहते ना."

काकांनी पेन्सिलीला टोक केलं. मग त्यांनी वहीत लिहिलं : सर ॲलन, नि. मार्गारेटनं अर्थ विचारला. मी चाचरत सांगितलं की काकांच्या पद्धतीप्रमाणे तिचा पूर्वज निर्वंश आहे. तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ती मोठ्यानं हसली. "त्यांना म्हणावं, पुढच्या शनिवारी आमच्या घराण्याच्या मेळाव्याला या."

मेळावा एका हायस्कूलच्या फुटबॉल मैदानावर होता. ऑगस्टच्या उकाड्यात लोकरीचे घागरे नेसलेले घामाघूम पुरुष, बॅगपाइपचा आक्रोश, आणि कमरेला तलवार लटकवलेला एक दंतवैद्य माइकवरून सर ॲलनच्या शौर्याबद्दल बोलत होता. मेव्हण्याचा उल्लेख त्यानं टाळला. काका वही घेऊन रांगेतल्या प्रत्येकाला गाठू लागले. "युवर ब्रांच, प्लीज? थ्रू हूम?" त्यांचं इंग्रजी सरकारी होतं, पण लोक उत्साहानं उत्तर देत होते आणि उत्तर एकच होतं. इसोबेल. पुतण्याचा वंश दोन पिढ्यांत संपला होता. मैदानावर होते ते सगळे नालबंदाचे.

तासाभरानं काका माझ्या शेजारच्या घडीच्या खुर्चीवर येऊन बसले. चेहरा उतरला होता. मला वाटलं, ऊन लागलं.

"नागपूरकर, ज्याला मी निर्वंश लिहिला, त्याचा वंश तिकडे रांगेत उभा राहून हॉटडॉग खातोय."

मी हसलो. ते हसले नाहीत. तेवढ्यात मार्गारेट लिंबू सरबत घेऊन आली. दंतवैद्याच्या बायकोशी ओळख करून देताना सहज म्हणाली, "अप्पा, तुम्हाला मुलं किती?"

"वन सन," काका म्हणाले.

सुनील मुलीला खांद्यावर घेऊन मागेच उभा होता. तो शांतपणे मराठीत म्हणाला, "दोन, अप्पा."

मी सुनीलला सहा वर्षं ओळखत होतो. त्याच्या टायफॉइडमध्ये मी त्याला भात भरवला होता, त्याच्या आईच्या शेवटच्या आजारपणात त्याच्याबरोबर फोनपाशी रात्ररात्र जागलो होतो. त्याला बहीण आहे हे मला त्या मैदानावर, बॅगपाइपच्या गोंगाटात कळलं. केटीला माहीत होतं का, हे पाहायला मी तिच्याकडे वळलो. तीही सुनीलकडेच बघत होती.

परतताना गाडीत सुनीलनं सांगितलं. सुधाताई, त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी, कोल्हापुरात शिक्षिका. जातीबाहेर लग्न केलं. घरात तिचं नाव काढायचं नाही, असं ठरलं. कुलवृत्तांतात इतरांच्या मुलींना जागा मिळाली, एकेक ओळ का होईना. अप्पांच्या स्वतःच्या नोंदीत मात्र 'अपत्य एक' छापून आलं.

"आणि तू काही बोलला नाहीस?" मी विचारलं.

"मी कॉलेजात होतो. त्या पानाचं प्रूफ मीच तपासलं, यार. बिनचूक म्हणून सही केली."

काका मागच्या सीटवर वही मांडीवर धरून बसले होते. घराजवळच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा त्यांचा आवाज आला. "त्या मेल्यानं निदान खरवडलं. म्हणजे आधी लिहिलं तरी होतं. मी लिहिलंच नाही. खूणसुद्धा नाही."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. दिवा केव्हाचा हिरवा झाला होता.

ऑक्टोबरात काका परत गेले. पुढचं सुनीलला सुधाताईनं फोनवर सांगितलं. काका एका सकाळी एसटीनं कोल्हापूरला गेले, तिच्या दारात उभे राहिले आणि पिशवीतून पुरवणीच्या प्रूफाचा कागद काढून म्हणाले, "तपासून दे." तिनं आधी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, मग लाल पेन शोधलं. माफी कुणी मागितली नाही, की रडलंही नाही. तिनं एक चूक काढली, ती त्यांनी मान्य केली आणि दुपारच्या एसटीनं ते परतले. त्यानंतर दर महिन्याला जात राहिले, दर वेळी काहीतरी तपासायला घेऊन. दीड वर्षानं ते वारले. पुरवणी सुधाताईनंच छापून घेतली.

सुनीलकडे प्रत आली तेव्हा मी प्रस्तावना अधाशासारखी वाचली. आयुष्यभराच्या चुकीबद्दल चार हृदयस्पर्शी ओळी तरी असतील, अशी माझी अपेक्षा होती. प्रस्तावनेत कागदाच्या वाढलेल्या भावाबद्दल खंत होती. मग परिशिष्टात सर ॲलन सापडला. गोत्र : उपलब्ध नाही. 'नि.' काढून टाकलेला, इसोबेलपासून खाली केटीच्या मुलीपर्यंत सगळ्या पिढ्या नीट मांडलेल्या.

शेवटच्या पानावर शुद्धिपत्र होतं.

पृष्ठ ३१२, ओळ ९ : 'अपत्य एक' ऐवजी 'अपत्ये दोन (सुधा, सुनील)' असे वाचावे.

पृष्ठ ३१४, ओळ २ : कुलदैवताच्या देवळामागील विहीर चाळीस फूट खोल नसून बत्तीस फूट आहे.