सत्कार आणि सुपरवायझरची जागा

महिला दिन जवळ आला की मला नकोसं व्हायचं. कंपनीत त्या दिवशी सत्कार ठरलेला, आणि सत्काराला बहुतेक वेळा मीच ठरलेली.

मी कोकणातली, आठवीतून शाळा सुटलेली. नवऱ्याच्या कामापायी जालन्याला आले तेव्हा इथं ओळखीचं कुणी म्हणजे कुणी नव्हतं. बियाण्याच्या कंपनीतल्या साहेबांनी एकही कागद न मागता मला ग्रेडिंगला बसवलं. पट्ट्यावरून मक्याचं बी पुढं सरकतं, त्यातलं किडकं-फुटकं वेचायचं. तेवढ्यावर माझी मुलं शिकली. ते उपकार मी विसरलेली नाही. त्रास एवढाच, की साहेबही विसरलेले नाहीत.

आमच्या विभागातली सुपरवायझरची जागा रिकामी झाली की कुठूनतरी नवा पोरगा यायचा आणि साहेब म्हणायचे, "ताई, याला जरा तयार करा." मी करायची. पाळ्या कशा लावायच्या, मशीन अडलं की आधी कुणाला फोन लावायचा, कुणाचं दुखणं खरं, कुणाचं खोटं. थोड्याच दिवसांत तोच मला खुर्चीतून सांगायचा, "ताई, हात जरा जल्दी चालू द्या."

मधे कंपनीनं आम्हा बायकांसाठी नेतृत्वाचं प्रशिक्षण ठेवलं. पुण्याहून मॅडम आल्या. चांगल्या होत्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. "मागायचं ते स्पष्ट मागा," म्हणाल्या. आम्ही एकमेकींसमोर उभं राहून मागायचा सराव केला. माझं त्यांनी कौतुकही केलं. जागा पुन्हा रिकामी झाली तशी मी हिय्या करून केबिनमध्ये गेले. साहेबांनी बसायला सांगितलं, मुलांचं विचारलं. मी म्हटलं, "साहेब, तुमच्यामुळंच चाललंय सगळं." आणि बाहेर आले.

माझ्या शेजारी परतूरहून रेल्वेनं येणारी एक मावशी बसते. तिनं विचारलं, "काय म्हणले?"

"काही नाही."

"अन् तू काय म्हणली?"

"आभार मानले."

"आभार मानायला गेल्ती का मंग? आता शाल पांघरून गप बस वर्षभर!"

महिला दिन आला तरी जागा रिकामीच होती, आणि सत्काराला माझंच नाव पुकारलं. शाल झाली, नारळ झाला, फोटो झाला. मग निवेदक म्हणाला, "आता ताई आपलं मनोगत व्यक्त करतील." समोर आमच्या बायका, मागं हमाल उभे. नारळ कुठं ठेवावा कळेना, तो बगलेत धरला आणि माईकमध्ये म्हटलं, "साहेबांचे आभार. पण सत्कार पुष्कळ झाले. मला सुपरवायझरची जागा पाहिजे."

सवयीनं टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच थांबल्या. मागून एक हमाल ओरडला, "वैनी, नारळ पडंल!" सगळे हसले. साहेबही हसले. माईक घेऊन म्हणाले, "ताई म्हणजे आमच्या घरच्याच." आणि अल्पोपाहार सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. "असं होतं तर इथं येऊन सांगायचं ना. चारचौघांत कशाला?"

"इथं आलं की मला आभारच सुचतात, साहेब."

त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "प्रभारी म्हणून सांभाळा. पुढचं बघू."

"पगार?"

"पुढचं बघू म्हटलं ना."

तेव्हापासून मी प्रभारी आहे. खुर्चीत बसते, पाळ्या लावते, बोलणी खाते. पगार वेचणारीचाच. मावशी म्हणते, "काम बराबर देलं, नाव न्हाई देलं." हे सगळं कधी काढून घेतील याची धास्ती असते, आणि धास्ती वाटते म्हणून स्वतःचाच राग येतो.

परवा मालाची गाडी निघाली तर गेटवरचा माणूस गेटपासवरची माझी सही बघून अडला. "प्रभारीची सही चालंल का, साहेबांना विचारतो."

"विचारा. माझ्यासमोर विचारा."

त्यानं फोन लावला. पलीकडून साहेब म्हणाले, "हो हो, ताईंचीच सही. गाडी सोड." मी फोन हातात मागून घेतला आणि म्हटलं, "साहेब, मग एवढं कागदावर द्या ना." तोवर त्यांनी फोन ठेवला होता.

मी गाडी सोडली. मालाला उशीर नको.