हजेरीच्या फळ्यावरची राणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला सांगायला हवं होतं. दोनदा सुरुवातही केली — आणि दोन्ही वेळा बोलणं भलत्याच गमतीवर नेऊन सोडलं. ती गेली तेव्हा तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. आज तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

सत्तावन्न सालची गोष्ट. मी बार्शीहून पिंपरीला आलो होतो, एका काचेच्या कारखान्यात. चिंचवडगावात एक खोली भाड्यानं घेतली होती. तिथून सायकलीनं जायचं. वाटेत सगळी शेतं, मधूनच एखादं नवं धुराडं. माणसंही तशीच — कालपर्यंत नांगर धरलेली, आज हातात हजेरीचं कार्ड.

आमच्या खात्यात माधवराव नावाचे गृहस्थ होते. पन्नाशीचे, दोन दात पडलेले, अंगानं किरकोळ. खिडकीशी उभं राहायचं आणि तयार बाटली उजेडात फिरवून तिच्यात बुडबुडा किंवा चीर आहे का ते बघायचं, हे त्यांचं काम. बाटली धरताना त्यांची करंगळी वर राहायची. एकदा मी मागून हाक मारली. त्यांनी नुसतं वळून बघितलं नाही — आधी खांदा तसाच ठेवून मान वळवली, मग डोळे उचलले.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ही मान मी पाहिली होती.

सात वर्षांचा असेन. आईनं मला नाटकाला नेलं होतं. तोवर बोलपट आले होते, नाटक कंपन्या मोडत चालल्या होत्या. ही त्यातलीच एक, गावोगाव फिरून कशीबशी तग धरणारी. तिच्यात राणीचं काम करायचे माधवराव. बाई नव्हे ते, हे सगळ्यांना माहीत असायचं आणि कुणालाच आठवत नसायचं. माझी आई शेवटपर्यंत पदर घ्यायची तो त्यांच्यासारखा — कानाशी एक बारीक मुडप घालून. पुरुषाकडून पदर घ्यायला शिकलेल्या बायका! आज हसाल तुम्ही. तेव्हा आमच्या गावात निम्म्या बायका तसाच घ्यायच्या. नाटकाबाहेर राणीच्या वेषातली त्यांची तसबीर विकायला होती, पोस्टकार्डाएवढी. आईनं ती घेतली आणि ट्रंकेत साड्यांखाली ठेवली. आई गेल्यावर ती माझ्याकडे आली.

एका रविवारी पवनेच्या घाटावर मी ती तसबीर त्यांच्या हातात ठेवली. ते पांढरेफटक पडले. मग इकडेतिकडे बघून हसले. किती वेळ बघत होते कोण जाणे! शेवटी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि मागच्या बाजूला लिहिलं — ‘यमुनाबाईंच्या आठवणीस, धाकट्या भावाकडून.’ आईचं नाव मीच सांगितलं होतं.

“दामू,” ते म्हणाले, “इथं कुणाला कळू देऊ नकोस. कंपनी मोडल्यावर गावी गेलो, तर लोक लग्नामुंजीत लुगडं नेसवून नाचवायला बघायचे. इथं मला अहोजाहो करतात. कुसुमचं लग्न व्हायचंय.”

कुसुम त्यांची मुलगी. सोळा-सतरा वर्षांची.

मी शब्द दिला. त्यानंतर दर रविवारी आम्ही घाटावर बसायचो. ते हलक्या आवाजात जुनी पदं म्हणायचे, पाण्याकडे तोंड करून. एवढं सुख मला पुढं कशात मिळालं नाही. मग मी असं का केलं? तेच तर सांगायचंय. तिथवर येताना पाय अडखळतो.

आमच्या खात्यात बबन होता. चिखलीचा, दणकट, बोलण्यात तयार. जेवायच्या सुट्टीत त्याच्या टेबलाशी ज्याला जागा मिळे, तो आपला. मी परगावचा, मला ती जागा हवी होती. आणि बबन एके दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, “काय राव, त्या करंगळीवाल्या म्हाताऱ्याच्या मागं मागं हिंडतोयस. येनी घालतोस व्हय त्येची?”

टेबल हसलं. पुढं आठवडाभर मी दिसलो की कुणीतरी वेणी घालायची खूण करायचं. बस्स, एवढंच. कुणी मारलं नाही, नोकरी जाणार नव्हती. नुसतं हसणं होतं — आणि ते माझ्यावरून दुसरीकडं जावं, एवढंच मला हवं होतं.

तसबीर मी तीन दिवस डब्याच्या पिशवीतून नेली आणि परत आणली. म्हणजे विचार करायला तीन दिवस होते. रागाच्या भरात झालं, असं म्हणायची सोय नाही. चौथ्या दिवशी ती बबनच्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणालो, “बघा, आपले माधवराव.”

त्या दिवशी मला टेबलाशी जागा मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हजेरीच्या फळ्यावर टाचलेली होती. राणीला शाईनं मिशा काढल्या होत्या. पाळीची सगळी माणसं मुद्दाम रेंगाळत होती. माधवराव आले, कार्ड काढायला हात वर केला आणि तसेच थांबले. मग टाचणी काढून तसबीर उतरवली. धोतराच्या सोग्यानं शाई पुसायला गेले, तर ती जास्तच पसरली. मागची बाजू उलटून त्यांनी वाचली. खरं तर वाचायची गरज नव्हती.

“दामू,” ते माझ्याकडं येऊन म्हणाले, “तुझ्या आईची वस्तू आहे. घे.”

तीस माणसं बघत होती. मी काय म्हणालो ठाऊक आहे?

“माझी नाही. मला काय माहीत कुणाची ती.”

मागं कुणीतरी खिंकाळलं. ती कुणी आणली, हे सगळ्या टेबलाला माहीत होतं. माधवरावांनी मान हलवली, तसबीर कोटाच्या खिशात ठेवली आणि खिडकीशी जाऊन बाटल्या बघू लागले.

इथंच थांबलं असतं तरी चाललं असतं. पण गणपतीत कारखान्याच्या आवारात मांडव पडला आणि लोकांनी साहेबांकडं हट्ट धरला — माधवरावांचं राणीचं गाणं पाहिजे. साहेबांना त्यात वावगं दिसलं नाही. “कामगारांची इच्छा आहे,” ते म्हणाले. पोट ज्याच्या हातात, त्याला नाही कसं म्हणणार?

भर दुपारी, तापलेल्या पत्र्याखाली, माधवराव शालू नेसून उभे राहिले. गालावर पावडर, छाती आत गेलेली. शिट्ट्या सुरू झाल्या. वरचा सूर पहिल्यांदा फुटला, तेव्हा मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. ते थांबले नाहीत, फिरून वर गेले — आणि सूर लागला. अगदी स्वच्छ लागला. त्या मांडवात हे कळणारा माणूस एकच होता. त्यांनाही ते माहीत होतं, म्हणून गाता गाता त्यांनी ओळीओळींतून मला शोधलं. नजर माझ्यावर आली. त्याच वेळी बबननं मला कोपरानं ढोसलं.

आणि मी हसलो. तोंडावर हात न घेता, दात दाखवून, टाळी देऊन हसलो.

बायकांच्या बाजूला कुसुम बसली होती. ती उठून चालती झाली. पद संपायच्या आधीच.

माधवरावांनी पद पुरं केलं. नमस्कार केला. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले नाहीत.

त्यांचं बिऱ्हाड माझ्याच आळीत. बारा दिवस ते तिथं होते आणि बारा दिवस मी लांबच्या वाटेनं सायकल काढली. तेराव्या दिवशी गल्लीत बैलगाडी उभी दिसली. आता वळायला जागा नव्हती. माधवराव जड ट्रंकेशी झटत होते. मला पाहून साधेपणानं म्हणाले, “दामू, जरा हात लाव रे.”

मी सायकल भिंतीला टेकवली, कडी धरली. तेवढ्यात आतून कुसुम आली आणि माझ्या हातातून कडी काढून घेतली.

“तुम्ही नका. आमचं आम्ही उचलू.”

माधवरावांनी दुसरी कडी धरली. बाप-लेकीनं ट्रंक उचलली. गाडी आळंदीच्या रस्त्याला लागली. पुढं ते कुठं गेले, कुसुमचं काय झालं — मी चौकशी केली नाही. करता आली असती.

आता राहिलेलं. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी जुन्या रंगभूमीवर व्याख्यानं देऊ लागलो. त्या काळच्या तसबिरी, पदं, पोशाख — लोकांना फार आवडतं. शाली आल्या, नारळ आले. प्रत्येक व्याख्यानात मी माधवरावांची गोष्ट सांगतो. कारखान्यात त्यांना मीच कसं ओळखलं, घाटावर त्यांनी माझ्यासाठी कसं गायलं, आईला भाऊ कसा मिळाला. “पुढे ते गावी गेले,” असं म्हणून मी पाण्याचा पेला उचलतो. बायका डोळे पुसतात. मागच्या महिन्यात एकजण पाया पडला. म्हणाला, कलावंताला जपणारी अशी माणसं आता राहिली नाहीत.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, “सुखी राहा.”