लेण्यात झालेला बघण्याचा कार्यक्रम

भूत, चकवा, लागीर... असलं कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून जातो. माझा धंदाच तसा आहे — भोर-वेल्ह्याची एका दिवसाची टूर काढतो, लेण्यांच्या गोष्टी सांगून पोट भरतो. थापा कशा रचतात ते मला चांगलं ठाऊक! पण हे माझ्याच बाबतीत घडलंय, म्हणून लिहितोय.

चौतिशी आली तरी माझं लग्न जमत नव्हतं. गाईड म्हटलं की मुलीकडचे चहासुद्धा अर्धा टाकून उठायचे. शेवटी शिवऱ्याचं एक स्थळ आलं. मुलीचे वडील म्हणाले, "घरी बसून पोहे काय खायाचे? पोरगं काम काय करतंय ते बगू." आणि रविवारी बापलेक शिवरे फाट्यावर माझ्या गाडीत चढले, पुण्याच्या पर्यटकांसोबत! हेही स्थळ गेलं असतं तर मी लग्नाचा नादच सोडणार होतो.

भोरला कुंभारकाकूंकडे सगळे हात चिखलात माखून सेल्फी काढत होते. अश्विनी — म्हणजे मुलगी — मात्र एकेक मडकं उचलून टिचकी मारून बघत होती. बद्द वाजलं की खाली. माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. म्हटलं, झालं, गेलं हेही!

मग मार्गासनीच्या पुढचं डोंगरातलं लेणं. आत बोललं की आवाज घुमतो, लहानपणापासून ऐकतोय. मी ऐटीत सुरू केलं, "हे लेणं पांडवांनी एका रात्रीत खोदलं!"

घुमलंच नाही... बद्द! माझ्या तोंडावर कुणी गोधडी टाकल्यासारखं. मागं एक पुणेकर काकू खोकल्या, तो खोकला मात्र छान घुमला.

"सीझन नसतोय तवा काय करता?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"बुकिंग बारमाही फुल्ल असतंय, मामा!" — बद्द.

"दारू?"

"छ्या! कधीच न्हाई!" — बद्द. अरे देवा! "म्हंजे... होळीला... थोडी." हे असं घुमलं की वटवाघळं उडाली! काकू फिदीफिदी हसायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात अश्विनी पुढं आली. "लेणं कुणी खोदलं? खरं सांगा."

"मला म्हाईत न्हाई." — घुमलं.

"लग्नानंतर पुण्याला ऱ्हायला जायाचं का?"

आता लपवून तरी काय उपयोग? "न्हाई. म्या हितंच ऱ्हाणार. पावसाळ्यात टूर बंद असत्यात, तवा भात लावतो. पटत असंल तर बगा." शब्द घुमले, घुमतच राहिले.

मामा घसा खाकरून म्हणाले, "बगू, इचार करून कळवतो." — बद्द!

अश्विनी खुदकन हसली. "आण्णा, मला पसंत हायेत."

हायेत... हायेत... हायेत... अख्ख्या लेण्यातून आवाज फिरून आला. माझे डोळेच भरले हो!

गाडीतला एक इंजिनिअर दमट हवेचं काहीतरी सांगत होता, त्याचं त्यालाच पटलं नाही. लग्नानंतर मी एकटा जाऊन तोंडाला येतील त्या थापा मारून आलो, सगळ्या व्यवस्थित घुमल्या. त्या दिवशी काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. पांडव मात्र टूरमधून काढून टाकलेत.

आणि घरी मी "भांडी उद्या नक्की घासतो" म्हटलं, की ही गाडीची चावी पुढं करते — "चला, लेण्यात जाऊन म्हणा." मी गुपचूप भांडी घासायला बसतो.